उजेडाला धरून

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं
मी नोटा तपासल्या.
कागद उजेडाला धरायचा,
आतलं चित्र दिसलं की पुढे,
नाही दिसलं तर बाजूला.
हाताला ती खोड अशी जडली
की वाण्याचं बिलही मी आधी खिडकीकडे धरते.

तांबट सरांनी पहिल्याच दिवशी
माझ्या पेटीतली पांढरी ट्यूब काढून घेतली.
"ही लागत नाही. पांढरं कागदातच आहे.
तुम्ही फक्त घालवू नका."
माझ्या धाकट्याहून लहान पोरगा,
घरी तीन पिढ्या घागरी घडवल्या,
बोलतो तेही ठोक्यात.

मग तीन महिने एकच रंग, सेपिया.
नऊ चौकोन. पहिला काकवीसारखा दाट,
मग थोडं पाणी, आणखी थोडं पाणी,
आठवा तांदळाच्या धुवणासारखा,
नववा रंगवायचाच नाही.
"याला व्हॅल्यू म्हणतात."
मला हसू आलं. म्हटलं, व्हॅल्यू मला विचारा.
कोपऱ्यातला आकडा तसाच राहतो
आणि एका रात्रीत मोल निघून जातं, तेही पाहिलंय,
जादा पाळीत, यंत्राशेजारी डबा उघडून.
सर म्हणाले, "सातवा चौकोन परत काढा."

रविवारी सकाळी गोदाघाट.
ऊन पंचवटीच्या अंगानं येतं.
"डोळे बारीक करा. नावं विसरेपर्यंत."
आधी नारोशंकराची घंटा गेली,
मग कळस, मग पायऱ्यांच्या रेघा,
मग दुतोंड्या मारुतीचं एक तोंड, पाठोपाठ दुसरं.
उरले तीन तुकडे:
गडद, मधला, आणि जिथे ऊन.
एवढं मोठं तीर्थ.

ओवरीच्या सावलीत धोतर वाळत होतं, ते मी फिकं काढलं.
उन्हातली न्हाव्याची छत्री काळी.
"उलट झालंय."
धोतर पांढरं नाही का, मी विचारलं, जरा चढ्या आवाजात.
त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेला दोन भोकं पाडून दिली.
एकातून धोतर बघा, दुसऱ्यातून छत्रीची पाठ.

भोकात धोतर नसतं, छत्री नसते.
भोकात उजेड असतो, कमी नाहीतर जास्त.
धोतर गडद होतं.
भिंगाखाली जन्म काढलेली बाई मी,
पत्रिका कितीतरी वेळ खाली ठेववेना.

तेव्हापासून सुटका नाही.
द्वारकेच्या सिग्नलला पुलाखाली थांबलेली पांढरी गाडी
चांगली निळी असते.
रात्री सुनेच्या तोंडावर खालून मोबाइलचा उजेड:
हनुवटी आठ, नाक सहा, कपाळ जेमतेम तीन.
मी बघत राहते,
तिला वाटतं, सासूबाई आता काहीतरी बोलणार.

गेल्या रविवारी चित्र बिघडलं.
नदी ओली असतानाच मी पूल टाकला,
आणि पूल नदीत उतरला.
सर वाकून बघत म्हणाले, "राहू द्या, पूर आला म्हणा."
"कुठवर?"
"मारुतीच्या कमरेपर्यंत तरी."
त्या सगळ्या राड्यात
पाणी भरणाऱ्या बाईच्या कळशीवर
नखाएवढी जागा कोरडी राहिली होती.
तिथे मी काहीच केलेलं नाही.
चित्रात सगळ्यात उजळ तेच.

वाळल्यावर, सवयच ती, कागद उजेडाला धरला.
पूर, पूल, घाट जरा बाजूला सरले
आणि आतून कारखान्याचं नाव आलं,
उलटं.
म्हणजे मागच्या बाजूवर रंगवलं मी.

आठवून बघितलं:
त्या सकाळी, बहुतेक पहिल्यांदाच,
कोरा कागद न तपासता
मी तसाच मांडीवर घेतला होता.